नाल्याकडचा कोन

वैशाख लागला की परभणीत आता सिमेंटचा वास येतो. आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात कोणाचं ना कोणाचं घर वर चढत असतंच. मिक्सर घरघरतो, सळयांचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडून बसतो, आणि मी दारं-खिडक्या लावून घरात बसते. पण एखाद्या दुपारी कोणीतरी नव्या भिंतीवर पाणी मारतं, ते ओघळून खालच्या मातीत मुरतं, आणि बंद खिडकीतूनही मला गाऱ्याचा वास येतो. गारा म्हणजे भिंतीसाठी भुसा घालून तुडवलेला चिखल. तो खड्ड्यात मुरला की त्याला आंबूस, उबदार वास सुटतो. लोकांना म्हणे मातीच्या वासाने माहेर आठवतं. मलाही आठवतं, पण त्याच्यासोबत कानाच्या पाळ्या गरम होतात. त्या वासात मला लाज वाटते, आणि इतक्या वर्षांनीही ती कमी झालेली नाही.

यंदा तर ती फोनवरून आली. गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक बोलत होते. तरुण आहेत, गावातलेच, अदबीने बोलतात. "जय ख्रिस्त, आई. जुनं प्रार्थनामंदिर पाडायला घेतलंय. स्लॅबचं बांधायलोत." मी म्हटलं, बरं झालं. मग म्हणाले, "तीन कोन मशीनच्या एका धक्क्याला पडले बघा. नाल्याकडचा कोन काही हलंना. शेवटी पहारीनं दगड न् दगड सुटा करावा लागला. आन् आत एक प्याला निघाला, पितळेचा." ते उत्साहात होते. "तो कोन तुमच्या आईंनी बांधला व्हता म्हणतात म्हातारी माणसं. प्याला काचेच्या कपाटात ठेवायचाय, खाली त्यांचं नाव. तेवढं त्यांचं माहेर कोन्चं, सांगा की." सांगते म्हणून मी फोन ठेवला. अजून सांगितलेलं नाही.

चुडावा स्टेशनात उतरायचं आणि रूळ ओलांडून नाल्यानाल्याने चालत जायचं, असं आमचं गाव. माझे वडील तिथले पाळक. आमच्याकडची जुनी रीत अशी, की गावाने पांढरीवर वसावं आणि काळी पिकवावी. पांढऱ्या मातीवर घर उभं राहतं. काळी ती पिकाची. मंडळीला मिळालेली जागा मात्र पांढरीच्या बाहेर, काळीत होती. पांढरीत आम्हाला जागा कोण देणार! तिथे एक छप्पर होतं, त्याच्याखाली उपासना चाले. दुष्काळात ते छप्पर जनावरांनी खाल्लं. अक्षरशः खाल्लं. कडब्याची काडी मिळत नव्हती, तेव्हा लोकांनी देवाचं छप्पर उतरवून बैलांपुढे टाकलं, आणि बाबांनी त्याला होय म्हटलं होतं.

दुष्काळ सरला, पहिली बरी ज्वारी आली, खळी उरकली. दुष्काळी कामांवर खडी फोडून फोडून सगळ्यांचे हात दगडाला सरावले होते. मिशनच्या बंगल्यातले साहेब केव्हाच आपल्या देशी परत गेले होते. तेव्हा बाबांच्या मनाने घेतलं, की या उन्हाळ्यात दगडी भिंतींचं, मातीच्या सपाट माळवदाचं प्रार्थनामंदिर बांधायचं, आपलं आपण, पाऊस पडायच्या आत. बाबांना बांधण्याचं फार वेड. ते म्हणत, आपला प्रभू उपदेशक व्हायच्या आधी कारागीर होता; बोलला थोडी वर्षं, हातांनी काम केलं त्याहून किती तरी जास्त. हे सांगताना ते स्वतःचे हात पुढे करत. ते हात खडूने आणि पुस्तकांनी मऊ झालेले होते, हे आईच्या लक्षात येई आणि ती पदराआड हसे.

पाया खणायच्या आदल्या रविवारी बाबांनी खडकावरच्या आणि वाळूवरच्या घराची गोष्ट सांगितली. लाजर आबा म्हणून एक म्हातारे होते, मध्येच बोलायची खोड असलेले. ते उठून म्हणाले, "साहेब, खडक झाला, वाळू झाली. आन् काळीवर बांदलं तर काय व्हतंय, ते लिवलंय का न्हाई?" सगळे हसले, बाबाही हसले. पण सवाल खरा होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. तिच्यावरचं घर एकदम कोसळत नाही. ते नुसतं हळूहळू एकमेकांपासून सुटत जातं.

बाबांनी कामाची वाटणी केली तीसुद्धा शास्त्रातूनच. पडलेल्या नगराचा कोट पुन्हा उभारताना ज्याने त्याने आपल्या घरासमोरचा तुकडा बांधला, अशी ती हकिकत आहे. तसंच आपण करू, म्हणाले. दोन भिंती वरच्या वाड्याने बांधायच्या, दोन खालच्या वाड्याने. सगळ्यांना ते एकदम पसंत पडलं. इतक्या लवकर आमच्या मंडळीत कधीच काही पसंत पडलेलं नव्हतं. बाबांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता हे सांगायलाच हवं. वरचा वाडा म्हणजे महारवाडा आणि खालचा म्हणजे मांगवाडा. दोन्हीकडची बरीच घरं ख्रिस्ती झालेली. पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला, नावं याकोब आणि रिबका झाली, एका सुरात गायला लागलो. पण वरच्यांनी खालच्यांच्या हातचं पाणी प्यायचं नाही, हे जसंच्या तसं कोरडं राहिलं. वरच्या वाड्यातली निम्मी घरं बौद्ध झाली होती. त्यांतले एक मास्तर जाता-येता आमचं बांधकाम बघत उभे राहायचे. एकदा बाबांना म्हणाले, "पाळकसाहेब, देव बदलला, वाडा न्हाई बदलला." बाबा म्हणाले, "गुरुजी, घरोघरी मातीच्या चुली." मास्तर म्हणाले, "तेबी खरंच हाय म्हना," आणि दोघंही जमिनीकडे बघत राहिले.

तर गाऱ्याचे खड्डे दोन झाले. पाण्याचे माठ दोन. दगडांचे ढीग दोन. हे सगळं कोणी ठरवलं नव्हतं. सांजवेळी जशी जनावरं आपापल्या गोठ्याकडे वळतात तसं ते झालं. मी तेव्हा वेणीला रिबिन बांधण्याच्या वयाची होते आणि गारा तुडवायला मला फार आवडे. मी वरच्या वाड्याच्या खड्ड्यात तुडवायची. बाबा मूळचे वरच्यांपैकी, दुसऱ्या तालुक्यातले; तेव्हा आमचा खड्डा तोच, यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

आणि प्याले दोन होते. प्रभुभोजनाच्या रविवारी आई मनुका भिजवून, उकळून, गाळून त्याचा रस करायची. तो दोन प्याल्यांत ओतायची. दोन्ही पितळेचे, कल्हई केलेले, एकसारखे. एक उजवीकडून फिरायचा, एक डावीकडून. वरचे उजवीकडे बसत आणि खालचे डावीकडे. बाबा सांगत, माणसं फार, एका प्याल्याने वेळ लागतो. मंडळी मान डोलवायची. बाबा भेकड नव्हते, पण माणसं तुटतील याची त्यांना भीती होती. माणसं तुटू नयेत म्हणून त्यांनी तुटलेलं तसंच ठेवलं होतं. आई प्याले घासायची तेव्हा आदळून घासायची.

आई शांत बाई नव्हती. लोक आता तिच्याविषयी बोलताना तिला फार गोड करतात. ती चिडकी होती, चोरून मशेरी लावायची, आणि गाताना सगळ्यांच्या वर आवाज काढायची. ती बोर्डिंगमध्ये वाढली होती. कुठल्याशा पटकीत घरची सगळी गेली, आणि कोणीतरी तिला उचलून मिशनच्या दारात ठेवलं, एवढंच तिला ठाऊक. निदान एवढंच ती सांगे. मे महिन्यात बोर्डिंगच्या मुली घरी जात. ज्यांना घर नव्हतं त्या मागे राहत, आणि त्यांच्याकडून बोर्डिंगच्या पडक्या भिंती दुरुस्त करून घेत. घर नसलेल्या पोरींनी इतरांसाठी घर नीट करून ठेवायचं, असा तो उन्हाळा. आईचे हात दगडाला तिथे लागले.

तिचं माहेर कोणतं, हा आमच्या गावातला जुना उद्योग होता. एस्तेरबाई वरच्या वाड्यातली कर्ती बाई. ती आईला न्हाऊ-माखू घालायला यायची, बाळंतपणं तिने केली, आणि दर वेळी तेल चोळता चोळता विचारायची, "बाई, तुमचं माहेर कोन्चं ओ?" आई म्हणायची, "बोर्डिंग." "ते झालंच की. त्याच्या आदी?" "त्याच्या आदी पटकी." झाकली मूठ सव्वा लाखाची. एस्तेरबाई मनाशी समजून चालली होती, की पाळकसाहेबांनी केली म्हणजे ती आपलीच असणार.

वैशाख तापला तशी काळी फाटायला लागली. भिंती माथ्यापर्यंत आल्या होत्या आणि तुळया चढवायच्या बाकी होत्या. एका सकाळी लाजर आबा नाल्याच्या बाजूने येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मला आतलं दिसायलंय हितून." नाल्याकडच्या कोनात वरपासून खालपर्यंत फट पडली होती. तिथे वरच्यांची भिंत संपत होती आणि खालच्यांची सुरू होत होती. संपत होती म्हणजे खरंच संपत होती, सुरीने कापल्यासारखी. प्रत्येकाने आपली भिंत आपल्यापुरती सरळ, ओळंब्यात, देखणी उभी केली होती. कोन कोणाच्याच वाटणीला आला नव्हता. दुसरा असाच कोन आमच्या घराच्या भिंतीला टेकला होता म्हणून बचावला. हा उघडा होता. फटीतून ऊन आत येऊन जमिनीवर पडलं होतं, आणि लहान पोरं त्या उजेडात पाय घालून खेळत होती.

कोन असा बांधत नाहीत, हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. एका थराला या भिंतीचा दगड त्या भिंतीत शिरतो, पुढच्या थराला त्या भिंतीचा या भिंतीत, वेणी घालतात तसं. म्हणजे त्यांचे दगड आमच्या भिंतीत आले असते, आमचे त्यांच्या, आणि गारा एक झाला असता. त्यापेक्षा फट बरी, असं कोणी तोंडाने म्हणालं नाही. वरचे म्हणाले, "आमची भिंत सरळ हाय. त्यांची कललीय." खालचे म्हणाले, "आमची जागची हललेली न्हाई. त्यांनीच सोडलंय." पाऊस तोंडावर आला होता. कोन तसाच ठेवून माळवदाची माती वर चढवली, तर पहिल्या झडीला छत उपासनेला बसलेल्या माणसांवर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी कोणी हात लावेना.

त्या रविवारी बाबांनी शास्त्रातलं वचन घेतलं: बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला जो दगड, तोच पुढे कोनाचा मुख्य दगड झाला. हे वचन आमच्या मंडळीचं फार लाडकं. ते ऐकताना बायांचे डोळे भरून येत. वरच्यांना वाटे, टाकलेला दगड म्हणजे आपण. खालच्यांना वाटे, आपण. मला वाटे, मी. बाबाही रडले. सगळे रडले, आणि पालथ्या घड्यावर पाणी पडावं तसं ते वाहून गेलं. उपासना सुटली आणि जो तो आपापल्या वाड्याला गेला.

दुपारी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. बाबा शेजारी बसले होते. आई परातीतून मान वर न करता म्हणाली, "त्यो दगड टाकून देनारे कोन हुते ओ?"

बाबा म्हणाले, "बांधणारे. गवंडी."

"मग त्यांच्यासाटी कोन रडायचं?"

बाबांचे कान लाल झालेले मला आठवतात. माझे आता होतात तसेच. त्या वचनात दोघंच आहेत, एक दगड आणि एक बांधणारा. आम्ही पिढ्यान् पिढ्या दगडाच्या बाजूला जाऊन बसलो. गावाने आम्हाला टाकलं हे खरंच होतं, त्यामुळे ती जागा आमच्या हक्काची वाटायची. दुसरी जागा रिकामी आहे आणि तिथेही आम्हीच बसतो, हे कोणी बघितलंच नाही.

सोमवारी सकाळी आईने कासोटा घातला आणि कोन पाडायला घेतला. एकटीने. ती वरून एकेक दगड काढून खाली टाकायची, आणि ते ढीग आपसांत मिसळू लागले. बाया जमल्या. एस्तेरबाई पुढे झाली.

"बाई, काय करायलाव हे? त्यांचे दगड आपल्यात कशाला घालायलाव? तुमी तर आमच्याच की!"

आईने घाम पुसला, मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कोन म्हनलं? मी खालच्या वाड्यातली हाय."

मी तिथेच उभी होते. एस्तेरबाईचा चेहरा मला अजून दिसतो. ती रागावली नाही. ती आपल्या हातांकडे बघायला लागली. त्या हातांनी तिने आईला न्हाऊ घातलं होतं, आमच्या घरात भाकरी मोडली होती. मग ती निघून गेली.

खबर खालच्या वाड्यात पोचायला कितीसा वेळ लागणार! दुपारच्या आत मार्थाबाई चार बाया घेऊन आली. खालच्या वाड्याची सगळी सूत्रं तिच्या हातात. फडक्यात भाकरी, वर ठेचा, आणि तोंडभर हसू. "आगं माय, आमचीच लेक हाय की तू! आन् इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

आईने भाकरी घेतली, तिथेच उभ्याने खाल्ली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमाला कुनी सांगितलं? मी वरच्या वाड्यातली हाय."

संध्याकाळी दोन्ही वाडे कोनाच्या दोन बाजूंना उभे होते. "आमाला खालची म्हनल्या." "आमाला वरची म्हनल्या." "खोटं बोलायलाव तुमी." "देवाची आन." आई दोघांच्या मधे, कोनाच्या पोकळीत, चिखलात गुडघ्यापर्यंत. ती कोणाकडे न बघता म्हणाली, "दगड द्या. अंधार पडायलाय." कोणी हलेना. मग लाजर आबांना हसू फुटलं. ते हसता हसता खाली बसले आणि म्हणाले, "बाईनं दोनी वाडे बाटवले रे! आता कोन कुनाला शिवायचं ऱ्हायलं?" त्यांनी पहिला दगड उचलून दिला. दुसरा बाबांनी दिला. मग इकडून, तिकडून. फार आनंदाने नाही. माना खाली घालून, चोरासारखे, एकमेकांकडे न बघता लोक दगड देत होते. मी त्या दिवशी एका खड्ड्यातला गारा दुसऱ्यात नेऊन टाकला. तो दिसायला सारखाच होता.

पुढच्या प्रभुभोजनाला आईने एकच प्याला मांडला. बाबांनी हळूच विचारलं, "दुसरा?" आई म्हणाली, "फुटला." पितळेचा प्याला फुटतो का? बाबांनी तो शब्द गिळला. आता फोन आला तेव्हा मला कळलं, की तो कुठे होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या रविवारी निम्मी माणसं रस न पिताच उठून गेली. मग बाबांनी तोडगा काढला: प्याल्याला ओठ लावायचे नाहीत, पोळीचा तुकडा रसात बुडवून खायचा. सगळे परत आले. आता तर मंडळीत प्लॅस्टिकचे चिमुकले पेले आहेत, ज्याचा त्याला. फार स्वच्छ असतात, आणि कोणालाच कोणाचं काही लागत नाही. दोन वाड्यांतली सोयरीक अजून झालेली नाही. कोन तेवढा पक्का राहिला. पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि बाकीच्या भिंती फाटल्या, तो हलला नाही.

पाळकांना काय सांगू? ते वरच्या वाड्यातले आहेत. आवाजात उत्सुकता होती, आणि तिच्या तळाशी काय होतं ते मला ओळखता आलं, कारण ते माझ्यात आहे. आई शेवटच्या आजारात माझ्याकडे परभणीला होती. असाच वैशाख होता, शेजारी बांधकाम चाललेलं. मी तिची वेणी घालत होते. केस इतके विरळ झाले होते, की पेड धरताच येत नव्हते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आई, आता तरी सांग. खरं कोन्च्या वाड्यातली तू?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एस्तेरबाईकडे बघितलं होतं तसंच.

"तू बी इचारायलीस का गं?" ती म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.